छाटणीआधीची तपासणी

सप्टेंबर सरत आला की पिंपळगाव बसवंतच्या आसपासचे द्राक्ष बागायतदार काड्यांच्या जुड्या बांधायला लागतात. प्लॉटच्या वेगवेगळ्या भागांतून थोड्या थोड्या काड्या कापायच्या, त्या सुकू नयेत म्हणून नीट गुंडाळायच्या आणि तपासणीला प्रयोगशाळेत न्यायच्या. तिथे काडीवरचा एकेक डोळा धारदार पात्याने कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. कितव्या डोळ्यात घड आहे आणि कितव्यात नुसतीच बाळी, हे पाहून अहवाल देतात.

इथल्या द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या लागतात. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी फळासाठी. एप्रिलनंतरच्या साधारण दीड-दोन महिन्यांत डोळ्याच्या आत घडाचा गर्भ धरतो. बाहेरून मात्र घडाचा डोळा आणि वांझ डोळा सारखेच दिसतात. कात्री एक-दोन डोळे अलीकडे लागली तर वर्षाचं पीक काडीबरोबर जमिनीवर पडतं. फार पलीकडे लागली तर वांझ डोळेही फुटतात आणि वेलीची ताकद त्यांत जाते. म्हणून आधी तपासणी आणि मग कात्री.

याच गावाच्या बाजारपेठेत, किंवा निफाड तालुक्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावात, छाटणीचा हाच प्रश्न डीटीपीच्या दुकानात उभा असतो. लग्नपत्रिका, सोसायटीच्या सभेची नोटीस, खत-औषधांच्या दुकानाचं बिलबुक, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल ही तिथली नेहमीची कामं. नवा संगणक आलेला असतो, पण कोपऱ्यातला जुना कुणी हलवत नाही. त्यात पेजमेकर असतं, कोरलची जुनी आवृत्ती असते, श्रीलिपी किंवा कृतिदेवचे फॉण्ट असतात आणि वीस-पंचवीस वर्षांच्या फाइली असतात. वर्षातून चार वेळा कुणीतरी विचारतं, हे सगळं आता काढून टाकायचं का?

जगभरातल्या मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांनाही हाच प्रश्न पडतो. कार्यक्रम वाढत जातो तशी त्यात जुनी साधनं साठत जातात. कुठल्या तरी काळच्या फाइली उघडणारी सोय, आता न मिळणाऱ्या यंत्रासाठी लिहिलेला भाग, कुणी लिहिला ते आठवत नसलेला छोटा मदतनीस कार्यक्रम. अडगळ समजून टाकावीत तर धास्ती वाटते, आणि ठेवावीत तर त्यांची देखभाल कुणीतरी करावी लागते.

ठेवण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत दिसलं. नाइट कॅपिटल ही शेअर व्यवहार करणारी मोठी कंपनी होती. तिच्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना भाग पडून होता. २००३ पासून तो वापरात नव्हता, पण काढलेलाही नव्हता. २०१२ मध्ये नवी सोय बसवताना जुन्या भागाला जागं करणारी खूणच नव्या सोयीसाठी वापरली गेली. नवा कार्यक्रम आठ सर्व्हरवर चढवायचा होता आणि चढला सातांवर. आठव्यावर जुनाच राहिला. बाजार उघडला, खूण चालू झाली आणि आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं झोपलेला पॉवर पेग उठून खरेदी-विक्री करत सुटला. ग्राहकांच्या २१२ मागण्या पुऱ्या करायच्या होत्या, त्यापोटी पाऊण तासात ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या घरात गेला आणि वर्षाच्या आत कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. न वापरलेला भाग निरुपद्रवी असतो ही समजूत इतकी महाग पडली.

आता उलटी बाजू. मार्च २०१६ मध्ये नावावरून झालेल्या एका वादातून एका प्रोग्रॅमरने आपले सगळे छोटे कार्यक्रम एनपीएम या सार्वजनिक साठ्यातून काढून घेतले. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा एक होता. दिलेल्या अक्षरांच्या डावीकडे जागा भरून ती ठरावीक लांबीची करायची, एवढंच त्याचं काम. पण कुणीतरी त्याच्या आधाराने दुसरं काही लिहिलं होतं, त्याच्या आधाराने आणखी कुणी तिसरं. तो निघाला आणि बेबेल, रिॲक्ट यांसारख्या मोठ्या प्रकल्पांवर उभ्या असलेल्या असंख्य लोकांची कामं त्या दिवशी अडली. दोनेक तासांत एनपीएमला तो परत आणावा लागला, आणि पुढे नियमही बदलावे लागले. वापरात असलेला कार्यक्रम वाटेल तेव्हा काढून घेता येणार नाही, असं ठरलं.

दोन्ही ठिकाणी चूक एकच होती. साधन कोण वापरतंय हे कात्री लावण्याआधी, किंवा न लावण्याआधी, कुणी पाहिलं नव्हतं.

पिंपळगावच्या त्या जुन्या संगणकात हे पाहायचं तर फॉण्टपासून सुरुवात करावी लागते, कारण मराठीची खरी गुंतागुंत तिथे आहे. सुरुवातीच्या संगणकांना देवनागरी येतच नव्हती. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञान पुढे आणलं. संगणकात एक वेगळं कार्ड बसवलं की पडद्यावर भारतीय लिप्या दिसत. पुढे विंडोज आलं आणि फॉण्ट बनवणाऱ्यांनी एक सोपा मार्ग काढला. संगणकाला इंग्रजी अक्षरांचे संकेत माहीत होते, म्हणून त्याच संकेतांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवली. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतो. फॉण्ट लावलेला असला तर माणसाला ‘मराठी’ दिसतं. फॉण्ट काढला की ती पाच अक्षरं उघडी पडतात. दुसऱ्या कंपनीच्या फॉण्टमध्ये त्याच शब्दाचे संकेत वेगळे असतात, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की वाचता न येणारी खिचडी होते.

हा मार्ग सोपा होता आणि त्या काळात आवश्यकही होता. त्यावर मराठीची हजारो पुस्तकं, दिवाळी अंक, वर्तमानपत्रं उभी राहिली. त्याला आज नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दरम्यान १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक द्यायचा, ही तिची कल्पना. देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला. विंडोज २००० मध्ये देवनागरीचा आधार आणि प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फॉण्ट आला, आणि मराठी मजकूर फॉण्टच्या तावडीतून सुटण्याची वाट मोकळी झाली. आज मोबाइलवर लिहिलेली प्रत्येक मराठी ओळ युनिकोडमध्ये असते. मग कृतिदेव आणि त्याची भावंडं काढून टाकावीत, हे उत्तर सरळ वाटतं.

पण पतसंस्थेच्या जुन्या अहवालातले दोन शब्द घ्या, ‘कर्ज’ आणि ‘शिल्लक’. जुन्या फॉण्टांनी टाइपरायटरची रीत उचलली होती. जे जिथे दिसतं ते त्या क्रमाने टंकायचं. ‘कर्ज’मधला रफार ‘ज’च्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो ‘ज’नंतर टंकला जाई. युनिकोडमध्ये शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवतात, म्हणजे आधी क, मग अर्धा र, मग ज. ‘शिल्लक’ची पहिली वेलांटी ‘श’च्या आधी दिसते, म्हणून जुन्या फॉण्टात ती ‘श’च्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती ‘श’नंतर येते. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाला रफार डावीकडे सरकवावा लागतो आणि वेलांटी उजवीकडे. जोडाक्षरांच्या मांडणीत हे नेमकं किती अक्षरं ओलांडून सरकवायचं, तेही त्याला कळावं लागतं. ते चुकलं की ‘कजर्’ असा शब्द तयार होतो आणि ‘शिल्लक’ची वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळते. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवणाऱ्या प्रत्येकाने हे रूप पाहिलेलं आहे.

‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचं दुखणं आणखी निराळं. त्यातला ‘ऱ्य’ मराठीचा खास आहे. हिंदीसाठी बनवलेलं रूपांतरक वापरलं की तो रफाराच्या ‘र्य’मध्ये बदलतो आणि मजकूर वाचताना डोळ्याला खडा लागतो. त्यात कुणी अहवालात मध्येच इंग्रजी शब्द टंकलेले असले तर रूपांतरक त्यांनाही देवनागरी समजून भलताच मजकूर बनवतो. शिवाय फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात जपलेली असेल तर फॉण्टचं नावच गेलेलं असतं. मग ती पाच अक्षरं कृतिदेवची की आणखी कुणाची, हे ओळखणारा माणूस शोधावा लागतो.

युनिकोडमध्ये आलं की सगळं संपतं, असंही नाही. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन ते लिहिलेलं असतं. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या शोधाला एक सापडतं आणि दुसरं सुटतं.

पेजमेकरचं काय? १९८५ मध्ये आल्डस कंपनीने ते आणलं आणि छापखान्याचं काम टेबलावर आलं. १९९४ मध्ये आल्डस अडोबीत गेली. २००१ मध्ये पेजमेकरची सातवी आणि शेवटची आवृत्ती निघाली. २००४ मध्ये पुढचं काम थांबलं. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. म्हणजे मराठीच्या दृष्टीने पेजमेकर आणि जुने फॉण्ट ही जोडगोळीच आहे. एकाला काढून दुसऱ्याला ठेवण्यात फारसा उपयोग नाही. अडोबीच्या इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडत. नव्या उघडत नाहीत. वाट हळूहळू अरुंद होत गेली आहे.

पतपुरवठा सोसायट्यांच्या हिशेबाची गोष्टही याच्या शेजारचीच. सहकारी संस्थांत एके काळी फॉक्सप्रोवर लिहिलेले हिशेबाचे कार्यक्रम सर्रास असत. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ मध्ये काढली, पुढची काढणार नसल्याचं २००७ मध्ये जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये आधार पूर्ण थांबवला. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांना एकाच प्रणालीवर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अशा बदलात नवा कार्यक्रम बसवणं हे सोपं काम असतं. जुन्या खात्यांतल्या नोंदी, सभासदांची नावं आणि बाक्या नव्या घरात बिनचूक नेणं हे अवघड. त्या नोंदी ज्या फाइलींत असतात त्या डीबीएफ प्रकारच्या. फॉक्सप्रो गेलं तरी त्या आजही लिबरऑफिसच्या तक्त्यात उघडतात, आणि ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे.

लिबरऑफिसचं उदाहरण इथे नीट पाहण्यासारखं आहे. हे मोफत, सर्वांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली तेव्हा जुन्या सामानाची मोठी आवराआवर झाली. वर्ड ६ आणि वर्ड ९५ च्या काळच्या स्वरूपात फाइल साठवण्याची सोय त्यांनी काढली. त्या फाइली उघडण्याची सोय मात्र ठेवली. २०१३ मध्ये कुणी नवं पत्र वर्ड ९५ च्या स्वरूपात लिहावं, याला काहीच कारण नव्हतं. पण १९९६ मध्ये लिहिलेलं पत्र वाचायची गरज कधीही पडू शकते.

त्याच आवृत्तीत त्यांनी दुसरा एक निर्णय घेतला. लिबरऑफिसचं मूळ ज्या स्टारऑफिसमध्ये होतं, त्याच्या जुन्या फाइलींसाठीचा भाग त्यांनी पूर्ण काढला. तो भाग अवाढव्य होता, सांभाळायला कुणी नव्हतं; निर्णयात दोष काढता येत नाही. पण लोकांच्या जुन्या डिस्कवर त्या फाइली होत्याच. काही वर्षांनी त्या उघडणारा नवा, लहान, स्वतंत्र भाग लिहिला गेला आणि प्रकल्पात परत आला. या वेळी तो फक्त वाचणारा होता.

जुन्या साधनांच्या साऱ्या वादात ही एक रेघ सर्वांत उपयोगाची आहे. साधनं दोन तऱ्हेची असतात, नवं बनवणारी आणि जुनं उघडणारी. बनवणारं साधन बंद करायला फार विचार नको. त्याच्यामुळे जुन्या ढिगात रोज भर पडते, म्हणून ते जितकं लवकर थांबेल तितकं बरं. उघडणारं साधन शेवटची फाइल नव्या घरी पोचेपर्यंत ठेवावं लागतं. बरेचदा एकच कार्यक्रम ही दोन्ही कामं करतो, म्हणून ‘ठेवायचं की काढायचं’ असा प्रश्न विचारला की उत्तर सापडत नाही. प्रश्न दोन करावे लागतात.

या विचाराने काम करणारी माणसं आहेत. २०१४ मध्ये लिबरऑफिसच्या परिवारातूनच डॉक्युमेंट लिबरेशन नावाचा प्रकल्प जाहीर झाला. बंद पडलेल्या, मालकीच्या स्वरूपांतल्या फाइली वाचता याव्यात म्हणून छोटे छोटे भाग लिहायचे, हे त्याचं काम. कोरल ड्रॉच्या फाइली लिबरऑफिसमध्ये २०१२ पासूनच उघडत होत्या. जानेवारी २०१५ च्या आवृत्तीत पेजमेकरच्या फाइलींचीही सोय झाली. पिंपळगावच्या दुकानातल्या फाइलीसाठी याचा अर्थ असा की पेजमेकर नसतानाही तिच्या आत शिरण्याची एक वाट आहे. मांडणी हलते, चौकटी सरकतात, पण मजकूर हाती येतो. त्यासाठीही जुना फॉण्ट संगणकावर असावा लागतो, नाहीतर ‘मराठी’च्या जागी पुन्हा ती पाच इंग्रजी अक्षरं दिसतात.

काढण्याची रीत कशी असावी, यासाठी पायथॉन या भाषेकडे पाहावं. तिच्या मूळ संचातले १९ जुने भाग काढायचं ठरलं तेव्हा ते एका रात्रीत उडवले नाहीत. कोणता भाग का जाणार आणि त्याच्या जागी काय वापरायचं, याचं टिपण आधी प्रसिद्ध झालं. २०२२ च्या आवृत्तीपासून ते भाग वापरणाऱ्याला इशारा दिसू लागला. प्रत्यक्षात ते गेले ऑक्टोबर २०२४ च्या आवृत्तीत. ज्यांना अजून हवे होते त्यांना ते वेगळे घेऊन स्वतः सांभाळायची मुभा होती.

आणि एकदा निर्णय पक्का झाला की जिव्हाळा आड येऊ न देणंही जमलं पाहिजे. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर. २०१२ च्या डिसेंबरमध्ये त्याच प्रोसेसरचा आधार लिनक्समधून काढायचा प्रस्ताव आला आणि त्याने तो स्वीकारला. ३८६ साठीच्या तडजोडी इतर सगळ्यांच्या कामात अडथळा आणत होत्या. ज्यांच्याकडे तसं यंत्र होतं त्यांच्यासाठी जुन्या आवृत्त्या होत्याच.

युनिकोडने मात्र याच्या नेमकं उलटं धोरण ठेवलं आहे. त्यात एकदा आलेलं अक्षर कधीही काढत नाहीत, मग ते कुणी वापरो वा न वापरो. हेही बरोबरच आहे. प्रोसेसर बदलता येतो. कुणाच्या तरी हस्तलिखितात आलेलं अक्षर बदलता येत नाही.

वापर मोजताना एक फसगत हमखास होते. तीन महिने पाहिलं, कुणी उघडलं नाही, म्हणून काढलं, असा हिशेब करतात. पण सहकारी संस्थेचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. गेल्या वर्षीच्या अहवालाची फाइल उघडून त्यातले आकडे बदलायचं काम वर्षातून एकदाच निघतं. ऑक्टोबर ते डिसेंबर पाहणाऱ्याला ते साधन मेलेलं दिसेल. म्हणून किमान एक पूर्ण वर्ष पाहावं. त्यातही आधी काढू नये, नुसतं बंद करून ठेवावं. कुणी ओरडलं तर चालू करता येतं.

जुना संगणक मात्र इंटरनेटवरून आधी तोडावा. विंडोज एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं, आणि अशा यंत्राला जाळ्यावर ठेवणं म्हणजे सगळ्या दुकानाच्या फाइली धोक्यात घालणं. दुसरी अडचण कुलपाची. त्या काळातलं भारतीय भाषांचं विकतचं सॉफ्टवेअर बरेचदा डोंगल नावाची छोटी किल्ली लावल्याशिवाय चालत नसे, आणि ते डोंगल प्रिंटरच्या जुन्या जोडणीत बसे. नव्या संगणकाला ती जोडणीच नसते. डोंगल हरवलं किंवा यंत्र बसलं की साधन कुणी न काढताही जातं. म्हणून रूपांतराचं काम यंत्र चालू असतानाच हाती घ्यायचं असतं.

ते करताना सगळ्या फाइली एकदम ओतू नयेत. एक जुना अहवाल घ्यावा. त्यातलं ‘कर्ज’, ‘शिल्लक’, ‘शेतकऱ्यांना’, ‘व्याज’, गावांची नावं, सभासदांची आडनावं रूपांतरानंतर कशी येतात ते छापील प्रतीशी ताडून पाहावं. ज्या शब्दांत गडबड होते त्यांची यादी करावी आणि रूपांतरक त्याप्रमाणे सुधारावं किंवा बदलावं. प्रयोगशाळेत सगळी बाग नेत नाहीत, जुडीभर काड्या नेतात. ज्या फाइली फक्त पाहायच्याच आहेत त्यांची जुन्याच यंत्रावर पीडीएफ करून ठेवली तर रूप तरी जसंच्या तसं राहतं, मजकूर शोधता आला नाही तरी.

नव्या कामांना मात्र त्याच दिवसापासून युनिकोड. पत्रिका असो की नोटीस, जुन्या फॉण्टात नवी ओळ लिहायची नाही.

मग उरतं ते अगदी थोडं. जुन्या फॉण्टची फाइल मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षाही कितीतरी लहान असते. ती, मूळ पेजमेकर फाइल, तिची पीडीएफ आणि रूपांतर केलेला मजकूर एका फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि शेजारी साध्या मराठीत चार ओळी: हा अहवाल कोणत्या वर्षाचा, कोणत्या फॉण्टमध्ये टंकला, कोणत्या आवृत्तीत उघडतो, कुणी कधी तपासला. दोन पेनड्राइव्हवर दोन प्रती, एक दुकानात आणि एक संस्थेच्या तिजोरीत.